एकाच फायबरवर इंटरनेट आणि टीव्ही: कोल्हापूरच्या केबल ऑपरेटरसाठी सामग्री, जोडणी आणि दुरुस्ती

शाहू स्टेडियमवर पेठांतल्या दोन संघांचा सामना असला की शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत घरोघरी एकच स्थानिक चॅनेल लागतं. समजा, तुमच्या जाळ्यावर ३०० घरं तो सामना ६ एमबीपीएसच्या एचडी चित्रात बघत आहेत. प्रत्येक घराला स्वतंत्र प्रवाह पाठवला, म्हणजे युनिकास्ट केलं, तर १८०० एमबीपीएस लागतात आणि एक गिगाबिटची लिंक जागीच बसते. तोच सामना मल्टिकास्टने, म्हणजे सगळ्यांसाठी एकच प्रवाह करून, सोडला तर कंट्रोल रूमपासून ओएलटीपर्यंत (घरोघरच्या फायबरना सिग्नल देणारी मुख्य पेटी) फक्त ६ एमबीपीएस जातात. चित्र तुटायला लागलं की बहुतेक जण आधी बँडविड्थ वाढवतात. खरं दुखणं बऱ्याचदा मल्टिकास्टच्या चुकीच्या सेटिंगमध्ये किंवा फायबरमधल्या कमीजास्त प्रकाशात असतं, आणि ही दोन्ही कामं पैशापेक्षा काळजीची आहेत.

हा लेख साधारण ५०० जोडण्यांच्या ऑपरेटरसाठी आहे, जो कोॲक्स (तांब्याची जुनी टीव्ही केबल) आणि अँप्लिफायर उतरवून फायबरवर येतो आहे. चॅनेल दाखवण्यासाठीची नोंदणी, एमएसओशी (ऑपरेटरला चॅनेलचा सिग्नल पुरवणारी मोठी कंपनी) किंवा ब्रॉडकास्टरशी करार, सीएएस (चॅनेल कुलूपबंद ठेवणारी) आणि एसएमएस (ग्राहकांची नोंद ठेवणारी) प्रणाली या गोष्टी सामग्री घेण्याआधी कागदावर पक्क्या करा. एमएसओ कोणत्या रूपात सिग्नल देणार यावर निम्मी खरेदी ठरते.

आरएफ ओव्हरले की आयपीटीव्ही?

पहिला रस्ता आरएफ ओव्हरलेचा. जुना डीव्हीबी-सी (डिजिटल केबल टीव्हीचा) सिग्नल १५५० नॅनोमीटरच्या ट्रान्समीटरमधून प्रकाशात बदलायचा, ईडीएफए या प्रकाशाच्या अँप्लिफायरने वाढवायचा आणि इंटरनेटच्याच फायबरवर चढवायचा. जीपॉनमध्ये (एकाच फायबरवरून अनेक घरांना डेटा वाटण्याची पद्धत) इंटरनेट घराकडे १४९० वर जातं, घरातून परत १३१० वर येतं, त्यामुळे तिन्ही तरंगलांबी एकमेकींना अडवत नाहीत. घरात टीव्हीचं पोर्ट असलेला ओएनयू (फायबरचा सिग्नल घरात उतरवणारी छोटी पेटी) बसतो आणि ग्राहकाचा जुना सेट टॉप बॉक्स तसाच चालतो.

दुसरा रस्ता आयपीटीव्हीचा. चॅनेल डेटाच्याच रूपात मल्टिकास्टने येतात आणि आयपी बॉक्सवर दिसतात. ईडीएफए लागत नाही, पण स्विच आणि ओएलटी यांची मांडणी नेमकी हवी.

आमचं मत स्पष्ट आहे. घरोघरी एमएसओचे चालू बॉक्स असतील तर आधी ओव्हरले करा, ग्राहकाला नवा खर्च पडत नाही. नवी वसाहत असेल, कळंबा किंवा उजळाईवाडीकडच्या नव्या अपार्टमेंट असतील, तर सरळ आयपीटीव्ही करा.

काय घ्यायचं

८ पॉन पोर्टचा जीपॉन ओएलटी एक, त्याला १० गिगाबिटचे अपलिंक हवेतच. प्रत्येक पोर्टवर ६४ घरं धरली तर ५१२ जोडण्या बसतात. पॉन मॉड्यूल बी-प्लस किंवा सी-प्लस दर्जाचे घ्या. बी-प्लसला २८ डीबीचा (डेसिबल) तोटा झेपतो, सी-प्लसला ३२. ओएलटीच्या आधी २४ पोर्टचा मॅनेज्ड लेयर-३ स्विच, त्यात निदान ४ पोर्ट १० गिगाबिटचे. आयजीएमपी स्नूपिंग आणि क्वेरिअर (दोन्हींचं काम पुढे सांगितलं आहे) दोन्ही चालवणारा आहे का, हे डेटाशीटवर वाचूनच घ्या.

जीपॉनपेक्षा ईपॉन हे दुसरं तंत्र स्वस्त पडतं म्हणून अनेक जण तिकडे वळतात. निव्वळ इंटरनेटला ते ठीक आहे. टीव्हीचा हिशेब मात्र असा: १०० एसडी चॅनेल प्रत्येकी २ एमबीपीएस आणि ४० एचडी प्रत्येकी ६ एमबीपीएस, मिळून ४४० एमबीपीएस. सगळी चॅनेल एकाच वेळी कुठे ना कुठे लागलेली असली तर ईपॉनच्या जेमतेम एक गिगाबिटमधला जवळजवळ अर्धा भाग टीव्हीतच जातो. जीपॉनला घराकडे २.४८८ गिगाबिट असतात, तिथे हाच भार पाचव्या हिश्श्याहून कमी पडतो.

स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक फायबरमध्ये वाटणारे भाग, पीएलसी जातीचेच घ्या: ८ पोर्टला ८ मुख्य १:८ आणि गल्लीत लावायला ६४ दुसरे १:८. ओव्हरले असेल तर १५५० चा ट्रान्समीटर एक आणि पॉन पोर्ट आत जोडायची सोय असलेला, प्रत्येक तोंडाला १९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) देणारा ८ तोंडांचा ईडीएफए एक. मोजमापासाठी १३१०, १४९० आणि १५५० वेगवेगळे दाखवणारा पॉन पॉवर मीटर आवश्यक आहे. साधा मीटर सगळा प्रकाश एकत्र मोजतो आणि ओव्हरलेच्या जाळ्यात तो आकडा काहीच सांगत नाही.

एक सावधगिरी. ओएलटी एका कंपनीचा आणि ओएनयू दुसरीचे असे घेतले की इंटरनेट बहुधा चालतं, मल्टिकास्ट मात्र अडकतं, कारण ओएलटी ओएनयूला सेटिंग देतो ती ओएमसीआय बोली प्रत्येक कंपनीत थोडी वेगळी असते. ५०० नग मागवण्याआधी दोन ओएनयू टेबलावर जोडून टीव्ही दिवसभर चालवून बघा.

प्रकाशाचा हिशेब

राजारामपुरीतल्या कंट्रोल रूमपासून ५ किलोमीटर फायबर लांबीवरचं घर धरू. ओएलटीच्या तोंडाशी मोजलेला प्रकाश +४ डीबीएम आहे. फायबरचा तोटा सावधगिरीने किलोमीटरला ०.३५ धरला तर १.७५ डीबी. दोन टप्प्यांतले १:८ स्प्लिटर प्रत्येकी १०.५, म्हणजे २१ डीबी. चार कनेक्टर प्रत्येकी ०.४, म्हणजे १.६. सहा स्प्लाईस (फायबरचे कायमचे जोड) प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.६. बेरीज सुमारे २५ डीबी आणि घरात येणार सुमारे -२१ डीबीएम.

बी-प्लसचा ओएनयू -२७ पर्यंत ऐकतो, पण जोडणी देताना -२४ च्या खाली काहीही स्वीकारू नका. पुढच्या काही वर्षांत तुटलेल्या फायबरच्या जोडण्या वाढत जातात, त्यांच्यासाठी ही ३ डीबी राखीव आहे. उलट बाजूही बघा: -८ पेक्षा जास्त प्रकाश आला तर ओएनयू दिपतो. कंट्रोल रूममध्येच, स्प्लिटरशिवाय, थेट पॅचकॉर्डवर ओएनयू तपासणारे हीच चूक करतात. मध्ये १५ डीबीचा ॲटेन्युएटर घाला.

ओव्हरलेसाठी १५५० वर फायबरचा तोटा कमी, किलोमीटरला ०.२२ च्या आसपास. त्याच वाटेवर १९ मधून सुमारे २४ वजा झाले की घरात सुमारे -५ डीबीएम येतो, डिजिटल चॅनेलला तो पुरतो. इथे सगळे कनेक्टर हिरवे, म्हणजे एपीसीच हवेत. निळा यूपीसी परावर्तन वाढवतो आणि टीव्हीचा सिग्नल खराब होतो. निळा-हिरवा एकमेकांत बसवला तर तोंडं नीट टेकत नाहीत आणि काही डीबी तिथेच जातात.

ईडीएफएच्या तोंडाची पॅचकॉर्ड काढण्याआधी त्याचा लेझर बंद करा. चालू असताना काढली किंवा धुळीचं तोंड तसंच बसवलं तर धूळ तिथेच जळते आणि कनेक्टरसह ईडीएफएचं पोर्ट कायमचं जातं. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तोंडाकडे कधीही बघू नका. प्रत्येक कनेक्टर बसवण्याआधी क्लीनर फिरवायचा, नवा पाकिटातून काढलेला असला तरीही.

डिश आणि एन्कोडर

एमएसओ तयार आयपी फीड देत असेल तर हा भाग वाचून सोडा. स्वतःची डिश असेल तर एलएनबीच्या (डिशच्या तोंडावरचा रिसीव्हर) आधी ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झचा बँडपास फिल्टर बसवा. ५जीची सेवा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झमध्ये आहे आणि जवळच्या टॉवरचा जोरकस सिग्नल एलएनबीला बधिर करतो. जीसॅट-३० साठी कोल्हापुरातून डिश दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे २८ अंश वळते आणि क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंच बघते. मार्चच्या मध्याच्या थोडं आधी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य उपग्रहामागे येतो आणि काही मिनिटं चित्र जातं. त्यावर दुरुस्ती नाही, ग्राहकांना आधी कळवून ठेवणं एवढंच हातात आहे.

स्थानिक चॅनेलसाठीच्या एन्कोडरवर तीन गोष्टी लावा: आउटपुट सीबीआर (कायम एकच बिटरेट), जीओपी (दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर) १ सेकंद आणि टीटीएल (प्रवाह किती राउटर ओलांडू शकतो तो आकडा) १६. जीओपी लांब ठेवली तर चॅनेल बदलल्यावर पूर्ण चित्राची वाट बघत पडदा काळा राहतो. टीटीएल कारखान्यातून अनेकदा १ वर येतो आणि मग प्रवाह पहिल्या राउटरपाशीच मरतो.

स्विच आणि आयजीएमपी

इथे वेळ द्या. चित्र तुटण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

तीन व्हीलॅन (एकाच जाळ्यातले वेगळे आभासी विभाग) करा: १० मॅनेजमेंटला, १०० इंटरनेटला, २०० टीव्हीला. प्रत्येक चॅनेलला एक मल्टिकास्ट पत्ता द्या. सुरुवात २३९.१०.१.१ पासून करा आणि वहीत चॅनेलच्या नावापुढे लिहा. २२४.०.०, २३९.०.० आणि २३९.१२८.० या मालिका टाळा. मल्टिकास्ट पत्त्याच्या शेवटच्या २३ बिटांवरूनच मॅक पत्ता (स्विच ज्यावरून पॅकेट ओळखतो तो पत्ता) बनतो, त्यामुळे ३२ वेगवेगळे आयपी पत्ते एकाच मॅकवर येतात. वरच्या तिन्ही मालिकांचा मॅक नेटवर्कच्या राखीव संदेशांशी जुळतो आणि स्विच तो प्रवाह सगळ्या पोर्टांवर ओततो.

मग व्हीलॅन २०० वर आयजीएमपी स्नूपिंग चालू करा, म्हणजे ज्या पोर्टवरून चॅनेलची मागणी ऐकू येते तिथेच स्विच ते पाठवतो. स्नूपिंग नसेल तर ४४० एमबीपीएसचा लोंढा प्रत्येक पोर्टवर जातो. ज्या ओएनयूचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे त्याचं इंटरनेटसुद्धा मग बंद पडतं.

स्नूपिंगबरोबर क्वेरिअर हवाच. हा ठरावीक वेळाने विचारत राहतो की कोणतं चॅनेल कोणाला हवं आहे. बॉक्स उत्तर देतात आणि प्रवाह चालू राहतो. क्वेरिअर नसेल तर चॅनेल लावताक्षणी झकास दिसतं आणि साधारण ४ मिनिटं २० सेकंदांत गोठतं. हा आकडा ठरलेला आहे: नेहमीचा अवधी १२५ सेकंद, त्याची दुप्पट अधिक १० सेकंद, म्हणजे २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते. ग्राहक म्हणाला की “चॅनेल बदलून परत आणलं की चालतं, मग पुन्हा अडकतं,” की सरळ क्वेरिअर तपासा. लेयर-३ स्विचवर व्हीलॅन २०० ला आयपी देऊन तिथेच क्वेरिअर ठेवा, अवधी ६० सेकंद करा. दोन क्वेरिअर चालू राहिले तर कमी आयपी असलेला जिंकतो. म्हणून मुख्य स्विचला त्या व्हीलॅनमधला सगळ्यात लहान पत्ता द्या.

स्टॉर्म कंट्रोलकडे कोणी बघत नाही. स्विच भरकटलेल्या ट्रॅफिकपासून वाचावा म्हणून मल्टिकास्टवर सेकंदाला १००० पॅकेट अशी मर्यादा अनेकदा लावलेली असते. एका पॅकेटमध्ये १३१६ बाइट चित्र धरलं तर ६ एमबीपीएसच्या एका चॅनेललाच सेकंदाला ५७० पॅकेट लागतात, आणि १४० चॅनेलना सुमारे ४१,८००. दुसरं चॅनेल लागताच मर्यादा गाठली जाते आणि सगळ्यांचीच चित्रं फुटतात. टीव्ही ज्या पोर्टांवरून जातो तिथे मल्टिकास्टचं स्टॉर्म कंट्रोल बंद करा, ब्रॉडकास्टचं राहू द्या.

फ्लो कंट्रोलही बंद ठेवा. एक संथ पोर्ट थांबा म्हणाला की मुख्य पोर्टच थबकतं आणि शेजारच्या घरांचं चित्र अडखळतं. टीव्हीच्या व्हीलॅनला प्राधान्य ४ आणि इंटरनेटला ० द्या. टीव्हीचा डेटा यूडीपीने जातो, हरवलेलं पॅकेट परत मागवता येत नाही. एका पॅकेटमध्ये ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे १८८ बाइटचे ७ तुकडे असतात. ते गेले की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर चौकटी दिसत राहतात.

मोबाईल ॲप आणि ओटीटी युनिकास्टच राहतात, त्यांना मल्टिकास्टचा फायदा नाही. रात्री ८ ते ११ मधला त्यांचा भार मुंबईच्या इंटरनेट एक्स्चेंजवरच्या पिअरिंगमधून (जाळ्यांमधली थेट जोडणी) किंवा बँडविड्थ देणाऱ्याच्या कॅशमधून (जवळ साठवलेली प्रत) मिळतो का, हे करार करताना विचारा.

ओएलटी आणि ओएनयू

ओएलटीवर व्हीलॅन २०० ला मल्टिकास्ट व्हीलॅन म्हणून जाहीर करा आणि आयजीएमपी प्रॉक्सी लावा. मग ६४ घरांच्या मागण्यांऐवजी ओएलटी वर एकच मागणी पाठवतो. पॉनमध्ये एका चॅनेलची एकच प्रत जाते, ती सगळ्या ओएनयूंना दिसते, ज्याला हवी तो उचलतो. ओएनयूच्या सेटिंगच्या प्रोफाइलमध्ये त्याच्या ठरलेल्या एका लॅन पोर्टवर टॅग (पॅकेटवरची व्हीलॅनची खूण) काढायचं लिहायला विसरू नका. टॅग राहिला तर बॉक्स प्रवाह ओळखत नाही: बॉक्सला आयपी मिळतो, चॅनेलची यादी येते, चित्र येत नाही.

फास्ट लीव्ह चालू केलं की जुनं चॅनेल लगेच थांबतं आणि बदल चटकन होतो. पण ओएनयूच्या एका पोर्टमागे छोटा स्विच लावून दोन टीव्ही चालवले असतील तर एकाने चॅनेल बदलताच दुसऱ्याचं तेच चॅनेल काळं होतं. अशा घरांचं वेगळं प्रोफाइल करा, फास्ट लीव्ह बंद. प्रत्येक घराला एका वेळी ३ ते ४ चॅनेलची मर्यादाही ठेवा, नाहीतर बिघडलेला एक बॉक्स भराभर चॅनेल मागत सुटतो.

घरातली जोडणी

बॉक्स कॅट-६ वायरनेच जोडा. मल्टिकास्ट वायफायवर सोडलं की राउटर ते सगळ्यात संथ वेगाने, पोच न घेता पाठवतो. चित्र तुटतंच आणि घरातलं वायफायही बसतं. वायर खरंच शक्य नसेल तर मल्टिकास्टचं युनिकास्ट करून देणारा ओएनयू लावा आणि बॉक्स ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. बाकी घरांत टीव्हीचा व्हीलॅन वायफायला जोडलेलाच नको.

ड्रॉप केबल जी.६५७ए जातीची वापरा. दाराच्या चौकटीत आवळलेली, खिळ्यात दाबलेली केबल ही नेहमीची जखम. वाकामुळे होणारा तोटा १५५० वर सगळ्यात जास्त, १३१० वर सगळ्यात कमी असतो. म्हणून ओव्हरलेच्या घरात इंटरनेट चालू आणि टीव्ही गेला असेल तर बॉक्स बदलण्याआधी केबलचा वाक शोधा.

खांब, पूर आणि वीज

हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि गणेशोत्सवात उंच मूर्ती, दोन्ही आडव्या केबल ओढून नेतात. मोठ्या रस्त्यावर केबल ६ मीटरच्या खाली ठेवू नका आणि मिरवणुकीच्या मार्गावर शक्य तिथे जमिनीखालून घ्या. बिनधातूची, स्वतःचा ताण पेलणारी फायबर घ्या, वळवाच्या विजेचा धोका तिच्यातून येत नाही. डिशचं कोॲक्स मात्र आत शिरतंच, त्याच्यासाठी अर्थिंग ५ ओहमच्या आत हवं.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली पाण्यात होती. अशा भागांत विजेवर चालणारं काहीही बसवू नका. ओएलटी उंच भागात, वरच्या मजल्यावर ठेवा आणि पुढे फक्त स्प्लिटर नेऊन तो आयपी-६८ दर्जाच्या डोम एन्क्लोजरमध्ये बंद करा. स्प्लिटरला वीज लागत नाही. सील चांगलं असेल तर पाण्याखाली राहूनही तो प्रकाश वाटत राहतो, आणि महावितरणने खालच्या भागाची वीज बंद केली तरी वरच्या भागातली घरं चालू राहतात.

कंट्रोल रूमचा भार ५०० वॅट धरला तर चार तासांना २००० वॅट-तास हवेत. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी कागदावर १८०० देते, प्रत्यक्षात बरीच कमी. म्हणून २४ व्होल्टच्या ऑनलाइन यूपीएसला अशा दोन बॅटऱ्या जोडा.

तक्रार आली की

लॅपटॉपवर टीएसडक हे मोफत साधन घ्या आणि एकाच चॅनेलच्या कंटिन्यूइटी काउंटरच्या चुका (हरवलेल्या पॅकेटची खूण) तीन ठिकाणी मोजा: एन्कोडरच्या स्विचवर, ओएलटीच्या अपलिंकवर आणि ग्राहकाच्या ओएनयूवर. पहिल्याच जागी चुका असतील तर दोष डिशचा किंवा फीडचा. दुसऱ्या जागी सुरू झाल्या तर स्विचचा. फक्त घरात असतील तर प्रकाश, प्रोफाइल किंवा वायर.

एकच चॅनेल सगळीकडे तुटतं तेव्हा ग्राहकाकडे जाऊ नका, कंट्रोल रूममध्येच बसा. दोन चॅनेलांची चित्रं एकमेकांत मिसळली तर दोन एन्कोडरना एकच पत्ता दिला आहे. कोणी स्पीड टेस्ट केली की टीव्ही तुटतो, तर प्राधान्य लागलेलं नाही. एका गल्लीतली आठही घरं गेली तर तिथला स्प्लिटर किंवा त्याआधीची स्प्लाईस, आणि ओटीडीआर (फायबरमधला दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) कंट्रोल रूममधून न लावता गल्लीच्या टोकाकडून उलट लावा, कारण स्प्लिटरच्या पलीकडचं चित्र वरून धूसर दिसतं. मोजताना त्या फायबरवर चालू ओएलटीचा प्रकाश येत नाही याची खात्री करा.

कपाटात १० ओएनयू, ५ बॉक्स, २ पॉन मॉड्यूल, एक जादा १:८ स्प्लिटर आणि १२ व्होल्टचे २० अडॅप्टर ठेवा. अडॅप्टर सगळ्यात जास्त जातात. ओएलटी आणि स्विचचं कॉन्फिगरेशन दर बदलानंतर पेनड्राइव्हवर उतरवा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत कंट्रोल रूमच्या बाहेर, दुसऱ्या पत्त्यावर ठेवा.